विश्लेषण : साथरोग रुग्णालये साथीपुरतीच का आठवतात?

मार्च २०२० मध्ये मुंबईत करोनाचे पहिले रुग्ण दाखल झाले ते चिंचपोकळीच्या कस्तुरबा रुग्णालयात. हे रुग्णालय म्हणजे १८९२ मध्ये सुरू झालेले पालिकेचे जुने आर्थर रोड रुग्णालय. शतकापूर्वीच्या साथींत त्याच्या वाट्याला जे आले, ते आजही धडा देणारे आहे.

लोक रुग्णालयाला का घाबरत?

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीतील रुग्ण तपासून डॉ. अकॅशियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. पुढच्याच महिन्यात, २९ ऑक्टोबरला गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला चढवला. तेथे नेलेला माणूस परत येत नाही, अशी समजूत होती आणि ती अगदीच निराधार नव्हती. प्लेगवर औषध नव्हते, अनेकांना अखेरच्या अवस्थेत आणले जाई. त्यात घरझडती आणि सक्तीने हलवण्याची धास्ती. परिणामी कुटुंबे रुग्ण लपवू लागली आणि साथ गल्लोगल्ली पसरली.

मार्ग कसा निघाला?

सक्तीने जमले नाही, ते समजुतीने काही अंशी जमले. वेगवेगळ्या जाती-जमातींना आपापली प्लेग रुग्णालये उभारण्याची मुभा मिळाली. आपल्या रीतीचे जेवण, ओळखीचे वैद्य आणि जवळ नातेवाईक, एवढ्याने भीती कमी झाली. जातवार खाटांचे समर्थन आज कोणी करणार नाही; पण विश्वास बसल्याशिवाय रुग्ण येत नाही, हे त्यातून सिद्ध झाले.

१९१८ मध्ये काय घडले?

प्लेग विसाव्या शतकातही वर्षानुवर्षे परतत राहिला. तरी जून १९१८ मध्ये इन्फ्लुएन्झा गोदीमार्गे शहरात शिरला, तेव्हा व्यवस्था अपुरीच ठरली. ६ ऑक्टोबरला एका दिवसात मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. खाटा कमी, डॉक्टर-परिचारिका त्याहून कमी. अखेर स्वयंसेवी संस्थांच्या कार्यकर्त्यांनी घरोघरी औषध, दूध आणि कपडे पोहोचवले.

मग आज काय करावे?

साथ आली की तात्पुरते मांडव, साथ ओसरली की कुलूप, हा शिरस्ता जुनाच आहे. रिकामी खाट हिशेबाच्या वहीत उधळपट्टी दिसते. पण अग्निशमन दलाचा बंब रोज धावत नाही म्हणून कोणी तो विकत नाही. साथरोग रुग्णालयाचेही तसेच आहे. प्रत्येक महापालिकेने विलगीकरणाच्या कायमस्वरूपी खाटा, प्रशिक्षित कर्मचारी आणि चाचणीची सोय राखली पाहिजे. त्यासाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र तरतूद हवी. शिवाय एरवीही डेंग्यू, गोवर, हिवतापाच्या रुग्णाला तेथे नीट वागणूक मिळाली पाहिजे. विश्वास साथीच्या दिवशी उभा राहत नाही. तो आधीच कमवावा लागतो.