‘माय गर्ल’वाल्यांशी माझं भांडण

टेम्पटेशन्सचं नाव काढलं की ‘माय गर्ल’ लावणारी माणसं मला आवडतात. गाणं आहेच तसं. पण त्यापुढे ‘नंतर ते ट्रेंडच्या मागे लागले आणि बिघडले’ असा निकाल ठोकणाऱ्यांशी माझं भांडण आहे.

१९६८ साली डेट्रॉइटच्या या पाच जणांतून डेव्हिड रफिनला काढलं. म्हणजे ‘माय गर्ल’चा मुख्य आवाजच गेला. त्याच्या जागी डेनिस एडवर्ड्स आला. तिकडे स्लाय अँड द फॅमिली स्टोनने सोल आणि रॉकची सरमिसळ करून तरुणांना वेड लावलं होतं. ते ऐकून निर्माता नॉर्मन व्हिटफिल्डने टेम्पटेशन्सकडून ‘क्लाउड नाइन’ गाऊन घेतलं. वा-वा पेडलवरची गिटार, प्रेमाऐवजी गरिबीची गोष्ट.

नक्कल? हो, सुरुवात नकलेचीच. ओळी आपसांत वाटून गायची युक्तीसुद्धा स्लायचीच. पण हेडफोन लावून ऐका. आधी बहुतेकदा एक जण पुढे गायचा, बाकीचे मागे सूर धरायचे. आता पाचही जण पुढे आले. मेल्विन फ्रँकलिनचा पाताळातला खर्ज, एडी केंड्रिक्सचा तलम फॉल्सेटो, एडवर्ड्सची खरखर, सगळं एकाच गाण्यात एकमेकांवर आदळतं. वर्षानुवर्षं एकत्र गायल्याशिवाय हे जमत नाही. मोटाउन कंपनीला पहिलं ग्रॅमी मिळालं ते याच गाण्यामुळे.

ट्रेंडमागे धावून ते आपटलेही. १९७७ मध्ये मोटाउन सोडून अटलांटिककडे गेले, दोन अल्बम केले, डिस्कोचा ठेका धरला. तिथे माझी तक्रार आहे, पण ती डिस्कोबद्दल नाही. त्या गाण्यांत दुसरे कुणी पाच जण उभे केले असते तरी फारसं बिघडलं नसतं, ही तक्रार आहे. १९८० मध्ये ते मोटाउनकडे परतले.

आणि ‘पापा वॉज अ रोलिंग स्टोन’? १९७२ चं, अल्बमवर जवळपास बारा मिनिटांचं. व्हिटफिल्ड वाद्यांनाच जास्त जागा देतो म्हणून खुद्द गायक कुरकुरत होते, आणि त्यांचं अगदीच चुकत नव्हतं. पहिली चारेक मिनिटं कुणी तोंडच उघडत नाही! ती पुढे न ढकलता ऐका. एडवर्ड्स गायला लागेपर्यंत थांबा, आणि मग मला सांगा कोण बिघडलं ते.