विश्लेषण : अमेरिकेत पोस्टमन घरोघरी अन्न का गोळा करतात? ‘स्टॅम्प आउट हंगर’ मोहीम काय आहे?

मे महिन्यातील दुसऱ्या शनिवारी अमेरिकेतील पोस्टमन फक्त टपाल वाटत नाहीत, तर घराघरांतून अन्नही गोळा करतात. टपालपेटीशेजारी ठेवलेली डबाबंद कडधान्ये, सूप, भाज्या, तांदूळ, पास्ता यांच्या पिशव्या उचलून ते त्या स्थानिक फूड बँकेकडे पोहोचवतात. एका दिवसात चालणारी ही देशातील सर्वांत मोठी अन्नसंकलन मोहीम मानली जाते. २०२६मध्ये हा दुसरा शनिवार ९ मे रोजी येतो. मात्र सरकारी अन्नसाहाय्यात झालेल्या कपातीनंतर या मोहिमेकडे पाहण्याचा दृष्टिकोन बदलला आहे. दानातून गोळा झालेले डबे सरकारी मदतीची जागा घेऊ शकतात का, असा प्रश्न आता विचारला जात आहे.

मोहीम नेमकी कशी चालते?

‘स्टॅम्प आउट हंगर’ या नावात श्लेष आहे. स्टॅम्प म्हणजे टपाल तिकीट आणि ‘स्टॅम्प आउट’ म्हणजे समूळ निपटून काढणे. शहरी भागातील पोस्टमनची संघटना ‘नॅशनल असोसिएशन ऑफ लेटर कॅरियर्स’ टपाल खात्याच्या सहकार्याने ही मोहीम चालवते. काही दिवस आधी घरोघरी सूचनापत्र येते, अनेक ठिकाणी रिकामी पिशवीही मिळते. ठरलेल्या शनिवारी टपाल येण्याआधी पिशवी भरून पेटीजवळ ठेवायची, एवढेच दात्याचे काम. नोंदणी नाही, रांग नाही, कुठे जाणे नाही.

अमेरिकेत टपाल आठवड्यातून सहा दिवस वाटले जाते आणि टपाल खात्याच्या यादीत १६ कोटींहून अधिक पत्ते आहेत. रोज प्रत्येक दारापर्यंत जाणारी अशी दुसरी यंत्रणा देशात नाही. या मोहिमेची खरी ताकद तीच आहे. ५० राज्यांतील १० हजारांहून अधिक शहरे आणि गावे तिच्यात सहभागी होतात. पोर्तो रिको आणि ग्वाम यांसारखे प्रदेशही त्यात आहेत.

सुरुवात कधी झाली?

पोस्टमन संघटनेच्या काही स्थानिक शाखा आधीपासूनच आपापल्या भागात अन्न गोळा करत होत्या. ऑक्टोबर १९९१मध्ये १० शहरांत प्रायोगिक मोहीम झाली आणि तिला चांगला प्रतिसाद मिळाला. त्यानंतर मे १९९३मध्ये ती देशभर राबवण्यात आली. त्या एका दिवसात १ कोटी १० लाख पौंडांहून अधिक, म्हणजे सुमारे ५ हजार टन अन्न जमा झाले. २०१६मध्ये ८ कोटी पौंडांचा, म्हणजे साधारण ३६ हजार टनांचा उच्चांक गाठला गेला. करोनामुळे २०२० आणि २०२१मध्ये घरोघरी संकलन झाले नाही. त्याऐवजी ऑनलाइन देणग्या स्वीकारण्यात आल्या. आजवरचे एकूण संकलन १९० कोटी पौंडांच्या पुढे गेले आहे.

मे महिनाच का?

पहिला प्रयोग ऑक्टोबरमध्ये झाला होता. पण वेळ बदलण्याची सूचना फूड बँकांकडूनच आली. अमेरिकेत थँक्सगिव्हिंग आणि नाताळच्या दिवसांत दानाचा पूर येतो. वसंत संपता संपता तो साठा आटतो आणि नेमके त्याच सुमारास मागणी वाढते. जूनच्या आसपास शाळांना उन्हाळी सुटी लागते. शालेय भोजन योजनेत रोज सुमारे ३ कोटी मुले जेवतात आणि त्यांतील बहुसंख्य मुलांना जेवण मोफत किंवा सवलतीत मिळते. शाळा बंद झाली की त्या जेवणाचा भार घरावर येतो. २०२४पासून पात्र मुलांना उन्हाळ्यासाठी प्रत्येकी १२० डॉलर देण्याची योजना सुरू झाली, पण ती राबवायची की नाही, हे राज्यांवर सोडलेले आहे. त्यामुळे सुटीच्या तोंडावर फूड बँकांची कपाटे भरलेली असणे गरजेचे असते.

पिशवीत काय चालते, काय नाही?

नाशवंत नसलेले, न उघडलेले, लेबल शाबूत असलेले अन्न चालते. डबाबंद राजमा, छोले, भाज्या, फळे, टुना, चिकन, पीनट बटर, तांदूळ, पास्ता, ओट्स या वस्तूंना विशेष मागणी असते. प्रथिने असलेले पदार्थ आणि कमी मिठाच्या भाज्या अधिक उपयोगी, कारण लाभार्थींमध्ये ज्येष्ठ, मधुमेही आणि रक्तदाबाचे रुग्णही असतात. बरणी प्लास्टिकची असावी. काच वाटेत फुटली तर आजूबाजूच्या सगळ्या पिशव्या वाया जातात. घरी केलेले पदार्थ, सुटे धान्य, फ्रिजमधील वस्तू स्वीकारल्या जात नाहीत.

न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्नियातील मराठी घरांच्या दारातही या पिशव्या येतात. तेथील वाचकांनी एवढे लक्षात ठेवावे : मोठ्या गोणीतून काढून पिशवीत बांधलेली डाळ किंवा घरचे लाडू कितीही चांगले असले, तरी त्यात काय आहे हे सांगणारे लेबल नसल्याने ते बाजूला काढले जातात. त्याऐवजी दुकानातील बंद पाकीट किंवा डबा द्यावा.

तारखांबाबतही गैरसमज असतात. अमेरिकेत संघराज्य पातळीवर फक्त बाळांच्या दुधाच्या भुकटीवर तारीख छापणे सक्तीचे आहे. इतर बहुतेक पदार्थांवरील ‘बेस्ट बाय’ ही तारीख चव आणि दर्जाविषयी असते, सुरक्षिततेविषयी नाही. तरीही दान देताना मुदत शिल्लक असलेलेच अन्न द्यावे, असे आवाहन केले जाते. फुगलेला, गळणारा, गंजलेला किंवा खोल पोचा पडलेला डबा मात्र कधीही देऊ नये. त्यात बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचा धोका असतो.

गोळा झालेले अन्न कुठे जाते?

ज्या भागात जमले, त्याच भागात राहते. हे या मोहिमेचे मूळ तत्त्व आहे. पोस्टमन पिशव्या टपाल कार्यालयात आणतात. तिथून स्वयंसेवक ते अन्न फूड बँकेत किंवा लहान वाटपकेंद्रांत, म्हणजे फूड पॅन्ट्रीत नेतात. तिथे तारीख, डब्याची स्थिती आणि प्रकार पाहून वर्गवारी होते.

फूड बँक ही कल्पनाही अमेरिकेतलीच. १९६७मध्ये जॉन व्हॅन हेंगल यांनी अ‍ॅरिझोनातील फीनिक्स येथे ‘सेंट मेरीज फूड बँक’ सुरू केली. आज ‘फीडिंग अमेरिका’ या जाळ्यात सुमारे २०० फूड बँका आणि त्यांच्याशी जोडलेली जवळपास ६० हजार वाटपकेंद्रे आहेत. चांगल्या हेतूने दिलेल्या अन्नामुळे कुणाला त्रास झाला तर दात्यावर खटला होईल, ही भीती १९९६च्या बिल इमर्सन कायद्याने बऱ्याच अंशी दूर केली. गंभीर हलगर्जीपणा नसेल, तर दात्याला कायदेशीर संरक्षण मिळते.

डबे द्यावेत की पैसे?

यावर अमेरिकेत बरीच वर्षे वाद आहे. टीकाकारांचे म्हणणे असे, की दाता दुकानात जाऊन किरकोळ दराने डबा घेतो. फूड बँक तेच अन्न घाऊक दराने घेते किंवा उत्पादकांकडून जवळपास फुकट मिळवते. ‘फीडिंग अमेरिका’च्या दाव्यानुसार १ डॉलरच्या देणगीतून किमान १० जेवणांची सोय होते. शिवाय लाखो सुटे डबे तपासण्यात, निवडण्यात मनुष्यबळ खर्च होते. अनेकदा लोक कपाटात पडून राहिलेले, नको असलेले पदार्थच देतात.

हा हिशेब बरोबर असला, तरी पुरा नाही. पैसे देणारा आणि डबा देणारा माणूस एकच असतो असे नाही. संस्थेला धनादेश न पाठवणारे घरही कपाटातील चार डबे सहज बाहेर ठेवते. लहान मुलांनाही या कामात भाग घेता येतो. आपल्याच गल्लीत कुणाला तरी याची गरज आहे, ही जाणीव वर्षातून एकदा सगळ्या घरांपर्यंत पोहोचते. त्यामुळे सोपे उत्तर असे : शक्य असेल त्याने पैसे द्यावेत, पिशवी आली तर तीही भरावी, पण आपण स्वतः खाल अशाच वस्तूंनी.

इतक्या श्रीमंत देशात ही वेळ का?

अमेरिकी कृषी खात्याच्या आकडेवारीनुसार २०२३मध्ये १३.५ टक्के कुटुंबांना वर्षभरात कधी ना कधी पुरेशा अन्नाची खात्री नव्हती. या कुटुंबांत ४ कोटी ७४ लाख माणसे राहत होती. त्यांच्यासाठी मुख्य आधार फूड बँक नसून ‘स्नॅप’ ही सरकारी योजना आहे. पूर्वी तिला फूड स्टॅम्प म्हणत. २०२४ आर्थिक वर्षात दरमहा सुमारे ४ कोटी २० लाख लोक तिचा लाभ घेत होते. त्या वर्षी माणशी सरासरी लाभ महिन्याला सुमारे १८७ डॉलर, म्हणजे दिवसाला सहा डॉलरच्या आसपास होता.

याच योजनेला आता कात्री लागली आहे. ४ जुलै २०२५ रोजी अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी स्वाक्षरी केलेल्या कायद्यामुळे ‘स्नॅप’वरील खर्च १० वर्षांत १८० अब्ज डॉलरहून अधिक घटेल, असा संसदीय अर्थसंकल्प कार्यालयाचा अंदाज आहे. कामाची अट ६४ वर्षांपर्यंतच्या प्रौढांना लागू झाली आहे आणि खर्चाचा मोठा वाटा राज्यांकडे सरकणार आहे. त्याआधी मार्च २०२५मध्ये कृषी खात्याने शाळा आणि फूड बँकांना स्थानिक शेतकऱ्यांकडून अन्न घेण्यासाठी असलेल्या दोन योजनांचे सुमारे १ अब्ज डॉलर थांबवले. पुढे ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५मधील सरकारी टाळेबंदीत अनेक कुटुंबांना नोव्हेंबरचा ‘स्नॅप’ लाभ वेळेवर मिळाला नाही आणि फूड बँकांपुढे रांगा वाढल्या.

याच वर्षी सप्टेंबरमध्ये कृषी खात्याने अन्न असुरक्षिततेची वार्षिक पाहणी बंद करण्याचे जाहीर केले. सुमारे तीन दशके चाललेली ही मोजणी थांबली, तर कपातीचा परिणाम किती झाला हे सांगणारा देशव्यापी सरकारी आकडाच राहणार नाही.

मग पोस्टमनची पिशवी पुरेल का?

साधा हिशेब पाहू. २०१६मध्ये ३६ हजार टन अन्न जमले, त्या वर्षी अन्नाची खात्री नसलेल्या घरांत ४ कोटींहून अधिक लोक होते. म्हणजे विक्रमी वर्षातही माणशी एक किलो अन्नसुद्धा वाट्याला आले नाही. ‘फीडिंग अमेरिका’ स्वतःच सांगते, की फूड बँका एक जेवण पुरवतात तेव्हा ‘स्नॅप’ नऊ जेवणे पुरवते. म्हणजे ‘स्नॅप’मध्ये दहा टक्के कपात झाली, तर ती भरून काढण्यासाठी फूड बँकांना आपले काम जवळपास दुप्पट करावे लागेल.

पोस्टमन संघटनेनेही आपली मोहीम हा सरकारी योजनांना पर्याय आहे, असा दावा केलेला नाही. तिचे काम उन्हाळ्यापूर्वी स्थानिक कपाटे भरण्याचे आहे आणि ते ती चोख करते. पण महिनाभराचे रेशन आणि वर्षातून एकदा भरलेली पिशवी यांची तुलना होऊ शकत नाही. यंदा पिशव्या किती भरल्या, यापेक्षा जून-जुलैमध्ये फूड बँकांपुढील रांगा किती लांबतात, हे पाहणे महत्त्वाचे ठरेल.