विकतचा प्रकल्प आणि मुलांचा स्वतःचा प्रश्न

दिवाळीची सुट्टी संपली की शिक्षकांच्या टेबलावर प्रकल्पांच्या वह्यांचा ढीग साचतो. बहुतेक वह्या देखण्या असतात. स्टेशनरीच्या दुकानातून आणलेली चित्रे, नेट कॅफेतून छापून घेतलेली पाने, चमकीची किनार आणि वर सुवाच्य अक्षरात विद्यार्थ्याचे नाव. विषयही ठरलेले: 'सेव्ह वॉटर', 'ग्रेट लीडर्स', 'माय कंट्री'. एखाद्या पानावरील वाक्यावर बोट ठेवून "याचा अर्थ सांग बाळ" असे म्हटले की मुलाची मान खाली जाते. वही त्याची असते, पण वाक्य त्याचे नसते. ज्याच्या पालकांनी जास्त पैसे खर्च केले त्याची वही अधिक जाड, आणि जाड वहीला अधिक गुण. गरिबीचे मोजमाप आपण इंग्रजीच्या तासालाही करू लागलो, याची खंत मला अनेक वर्षे आहे. आपल्या शाळेच्या स्मरणिकेच्या निमित्ताने ती मांडते आहे. कारण हा विषय केवळ शिक्षकांचा नाही, पालकांचा आणि माजी विद्यार्थ्यांचाही आहे.

इतिहास हा माझ्या पदव्युत्तर अभ्यासाचा विषय. परंतु मराठी शाळांत तासिकांचे वाटप जसे होते तसेच माझ्याबाबत झाले. इंग्रजीचे तास माझ्या वाट्याला आले आणि हळूहळू तेच माझे मुख्य काम झाले. इतिहासाची सवय मात्र सुटली नाही. म्हणून 'प्रकल्प' या गोष्टीचा उगम शोधू लागले, तेव्हा आपल्या समाजाला अगदी जवळचा असा एक धागा हाती आला.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथे जॉन ड्यूई हे त्यांचे गुरू होते. लोकशाही ही केवळ राज्यपद्धती नसून एकत्र जगण्याची रीत आहे आणि शाळा ही त्या जगण्याची पहिली जागा आहे, हा ड्यूई यांचा विचार. त्यांचा 'डेमॉक्रसी अँड एज्युकेशन' हा ग्रंथ 1916 मध्ये, म्हणजे बाबासाहेबांनी न्यूयॉर्क सोडले त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. पुढे दोनच वर्षांनी, 1918 मध्ये, कोलंबियाच्याच टीचर्स कॉलेजमधील विल्यम किलपॅट्रिक यांनी प्रकल्प पद्धतीवरील आपला प्रसिद्ध निबंध लिहिला. मुलाने मनापासून स्वीकारलेला हेतू हा प्रकल्पाचा प्राण, हे त्या निबंधाचे सार. ज्या विद्यापीठात बाबासाहेब घडले, त्याच विद्यापीठाच्या अंगणात हे रोपटे वाढले. त्या रोपट्याची आपण चमकी लावलेली वही करून ठेवली.

आणि आपल्या मातीतही ही परंपरा नवी नाही. पुण्यात महात्मा फुले आणि सावित्रीमाई यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग मुलीने 1855 मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. तिने डोळ्यांनी पाहिलेल्या वास्तवाला प्रश्न विचारला. जोतीरावांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे ठेवलेले निवेदन इंग्रजीत होते. कारण ज्याच्यापर्यंत गाऱ्हाणे पोहोचवायचे त्याची भाषा ती होती. आपल्या पूर्वजांनी इंग्रजीकडे मिरवण्याचा दागिना म्हणून पाहिले नाही. सांगण्यासारखे काही होते, ते दूरवर पोहोचवायचे होते, म्हणून त्यांनी ती भाषा हाती घेतली. वर्गातील प्रकल्पाची कसोटीही हीच असावी असे माझे मत आहे: मुलाला काही सांगायचे आहे काय, आणि ते ऐकणारा कोणी आहे काय?

मी संत तुकारामनगरात राहते. आमच्या वसाहतीत महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे. दूरदूरच्या गावांतून रुग्ण येतात. भिंतीवरचे 'ओपीडी', 'कॅज्युअल्टी', 'पॅथॉलॉजी' हे शब्द देवनागरीत लिहिले तरी अनेकांना परकेच राहतात. औषधाच्या पाकिटावर काय छापले आहे, मुदत कधी संपते, 'आफ्टर फूड' म्हणजे काय, हे न कळल्याने माणसे खिडकीपाशी घुटमळतात. एका वर्षी नववीच्या मुलांपुढे मी एवढाच प्रश्न ठेवला: गावाहून आलेल्या आजीला दवाखान्यात लागणारे पन्नास इंग्रजी शब्द तुम्ही मराठीत समजावून द्याल काय? मुलांनी घरातील औषधांची रिकामी पाकिटे जमवली. शब्दकोश उघडले. 'एक्स्पायरी', 'डोस', 'स्टोअर इन अ कूल प्लेस' यांचे अर्थ लावले, उच्चार लिहिले, नंतर प्रत्येक शब्दाचे एक इंग्रजी वाक्य केले. ज्या मुलाला पाठ्यपुस्तकातील आज्ञार्थी वाक्ये कधी जमली नव्हती, त्याने औषध घेण्याच्या सूचना अचूक लिहिल्या. कारण त्या त्याच्या आजीसाठी होत्या. चार पानांची ती पत्रिका साध्या कागदावर झाली. त्यात चमकी नव्हती.

या परिसरात अशा विषयांची वाण नाही. पिंपरीत 1954 मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. पुढे भोसरी, आकुर्डी, चाकणपर्यंत कारखान्यांची रांग लागली. 1972 च्या दुष्काळात गाव सोडून आलेली किती कुटुंबे या पट्ट्यात विसावली! त्या आजी-आजोबांशी मुले मराठीत, वऱ्हाडीत, अहिराणीत बोलतील, आणि ऐकलेले इंग्रजीत लिहितील. व्याकरणातील 'रिपोर्टेड स्पीच' फळ्यावर महिनाभर शिकवूनही जे उमगत नाही, ते 'माझी आजी म्हणाली की' हे वाक्य इंग्रजीत करताना दोन दिवसांत उमगते. देहूरोडच्या विहारात बाबासाहेबांनी 25 डिसेंबर 1954 रोजी स्वहस्ते बुद्धमूर्तीची स्थापना केली. तेथे परदेशी पाहुणा आला तर त्याला हा इतिहास पाच मिनिटांत इंग्रजीतून सांगायचा, हा दहावीच्या मुलांसाठी उत्तम तोंडी प्रकल्प होय. निवासी शाळेतील मुलाचे घर दूर असेल, तर वसतिगृहातील स्वयंपाकाच्या मावशी आणि रात्रपाळीचे पहारेकरी काका आहेतच. त्यांच्या आयुष्याविषयी आपण कधी विचारले आहे काय?

येथे मला माझी एक चूक कबूल केली पाहिजे. पूर्वी एका शाळेत असताना आठवीच्या वर्गाला 'माय फादर्स वर्क' हा विषय दिला होता. विषय जिव्हाळ्याचा आहे असे मला वाटले. एका मुलीने वडील अधिकारी आहेत असे लिहिले आणि वर्गापुढे वाचून दाखवले. मी शाबासकी दिली. पालकसभेला तिचे वडील आले. ते ठेकेदाराकडे गटारसफाईचे काम करीत. "मॅडम, पोरगी इंग्रजीत बोलते हे ऐकून छाती भरून आली," असे ते म्हणाले. मुलगी दाराशी उभी राहून रडत होती. त्या दिवशी मला कळले की, खोटे बोल किंवा सर्वांसमोर अपमान सोस, यांपैकी एक निवडायला मीच तिला भाग पाडले होते. ज्या समाजात कामावरून जात ओळखली जाते, तेथे बापाच्या कामावर निबंध मागणे हा निरागस प्रश्न नसतो.

बाबासाहेबांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे छोटे आत्मकथन मी आता वरच्या वर्गांना वाचायला देते. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांच्या बाराव्या खंडात ते आहे. मसूर स्थानकावर उतरलेली लहान मुले, गाडीत घ्यायला नकार देणारे गाडीवान, रात्रभर न मिळालेले पाणी. सारे साध्या, सरळ इंग्रजीत. पण एक गोष्ट मी मुलांना आवर्जून सांगते. हा अनुभव कोणी बाबासाहेबांना वर्गात उभे करून वदवून घेतला नव्हता. तो कधी, कोणासाठी आणि किती सांगायचा हे त्यांनी स्वतः ठरवले. तोच अधिकार आपल्या मुलामुलींना हवा. म्हणून माझा नियम असा: विषय किमान तीन द्यावेत, निवड मुलाची, घरचा अनुभव कोणावरही सक्तीचा नसावा, आणि मुलाने 'मी' न म्हणता 'एक मुलगा' म्हणून लिहिले तरी ते पूर्ण मानावे.

आता आक्षेपाकडे वळते. अनेक पालक मला म्हणतात, "मॅडम, आमच्या पोरांना बोर्डाची परीक्षा द्यायची आहे. खेळ कशाला? व्याकरण घ्या." या म्हणण्यात तथ्य आहे, आणि ते मी हसण्यावारी नेत नाही. ज्यांच्या घरी इंग्रजी पुस्तके आहेत त्यांचे शाळेत काही राहून गेले तरी भरून निघते. आपल्या मुलांना शाळेबाहेर दुसरा आधार नाही. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी 2000 साली सुरू झाले, आणि तो निर्णय घेणारे शिक्षणमंत्री प्रा. रामकृष्ण मोरे हे आपल्याच पिंपरी-चिंचवडचे. त्यानंतर एक संपूर्ण पिढी इंग्रजीची दहा वर्षे पूर्ण करून बाहेर पडली. तरी मुलाखतीत चार वाक्ये बोलताना तिच्यापैकी अनेकांना घाम फुटतो. म्हणजे केवळ वर्षे वाढवून भागले नाही. व्याकरण शिकवलेच पाहिजे, थेट आणि काटेकोर. पण ते वापरण्याची जागा मिळाली नाही तर परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी ते विरून जाते. ड्यूई यांनीही पुढे 1938 मध्ये बजावले होते की प्रत्येक अनुभव शिक्षण देतोच असे नाही. म्हणून मी प्रकल्पांची रेलचेल मागत नाही. एका सत्रात एकच प्रकल्प, पण तो खरा.

तो खरा ठरावा यासाठी गुणदानाची रीत बदलावी लागेल. राज्यात 2010 पासून पहिली ते आठवीसाठी जे आकारिक मूल्यमापन आले, त्यात प्रकल्प हे एक साधन आहे. त्याचा आशय मात्र शिक्षकाच्या हाती आहे. मुखपृष्ठ, रंग, छपाई यांना शून्य गुण द्यावेत. कागद शाळेने द्यावा आणि सर्वांना सारखाच द्यावा. गुण चार गोष्टींना असावेत: प्रश्न स्वतःचा आहे काय, उत्तर शोधण्यासाठी कोणाला विचारले किंवा काय पाहिले, पहिल्या मसुद्यातील चुका दुसऱ्यात सुधारल्या काय, आणि कागद बाजूला ठेवून तीन प्रश्नांची उत्तरे इंग्रजीत देता येतात काय. साठ मुलांच्या वर्गात हे अशक्य आहे, असे माझे सहकारी म्हणतात. पाच-पाच मुलांचे बारा गट करावेत. आठवड्याला दोन गटांनी सादरीकरण करावे. सहा आठवड्यांत वर्ग पूर्ण होतो. चौथी कसोटी लागली की विकतचा प्रकल्प आपोआप बंद होतो, हा माझा अनुभव आहे.

तथागतांच्या धम्माला 'एहिपस्सिको' म्हटले आहे. ये आणि स्वतः पाहा, असे आवाहन करणारा. केसपुत्ताच्या कालामांनाही त्यांनी हेच सांगितले की, ऐकीव आहे किंवा ग्रंथात आहे एवढ्यावरून काही स्वीकारू नका, पारखून घ्या. बौद्धांनी चालवलेल्या शाळेतील प्रकल्प जर दुसऱ्याच्या पानांची नक्कल असेल, तर आपण भिंतीवर बुद्धवचन लावून वर्गात त्याच्या उलट शिकवत आहोत.

पालकांना माझी हात जोडून विनंती आहे की, मुलाचा प्रकल्प विकत आणू नका आणि स्वतः करूनही देऊ नका. त्याने प्रश्न विचारला तर कामावरून थकून आला असाल तरी दहा मिनिटे उत्तर द्या. तुमचे मराठी उत्तर हेच त्याच्या इंग्रजीचे भांडवल आहे. आणि चाकणच्या, भोसरीच्या कारखान्यांत, दवाखान्यांत, बँकांत, कचेऱ्यांत काम करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनो, या वर्षी देणगीच्या पावतीबरोबर आणखी एक तास द्या. वर्गात या, मुलांच्या खुर्चीसमोर बसा आणि त्यांना मोडक्यातोडक्या इंग्रजीत तुमची मुलाखत घेऊ द्या. तुम्हीही कधी अडखळला होता हे त्यांना सांगा. ते अडखळतील, थांबतील, पुन्हा विचारतील. त्यांचे वाक्य तुम्ही पूर्ण करू नका. तेवढा वेळ मात्र थांबा.

नमो बुद्धाय! जय भीम!