मोठ्यांनीही सायकलवर टांग मारावी

घरोघरी मोटारसायकल आली आणि सायकल शाळकरी मुलांपुरती उरली. मोठ्या माणसाने सायकल वापरली तर लोक परिस्थिती खालावली असे समजतात. मला हा समज घातक वाटतो. मधुमेह व रक्तदाब हे आता केवळ शहरी विकार राहिलेले नाहीत.

प्रौढांनी आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रोज अर्धा तास, पाच दिवस सायकल चालविली की हिशेब पुरा होतो. शिवाय शरीराचा बराचसा भार सीटवर राहिल्याने गुडघ्यांना त्रास कमी.

सुट्टीच्या दिवशी निमोण्याहून आतल्या रस्त्यांनी इनामगाव गाठावे. घोड नदीकाठी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन केले. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती, मातीची घरे, धान्याचे कोठार व पाण्याचा पाट उजेडात आला. आपल्याच तालुक्यातील हा ठेवा किती जणांनी पाहिला आहे? तेथील खापरे मात्र उचलू नयेत.

सकाळी उजाडल्यावर निघावे, पाणी सोबत घ्यावे. ऊसतोडणीच्या हंगामात ट्रॉल्यांपासून जपावे. हृदयविकार असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. छातीत दुखल्यास लगेच थांबून उपचार घ्यावेत.

घरच्या कर्त्या माणसाने आधी टांग मारावी. मग सायकलची लाज कुणालाच वाटणार नाही.