रंगांचा बाजार आणि अजगराचा तोल

पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत आढळणारा बॉल पायथन हा लहान आकाराचा, शांत स्वभावाचा अजगर आहे. संकट जाणवताच अंगाचा चेंडूसारखा गोळा करून डोके आत लपवण्याच्या सवयीमुळे त्याला हे नाव मिळाले. मूळचा तपकिरी-काळसर असलेला हा साप आज अमेरिका व युरोपातील पैदास केंद्रांत पांढऱ्या, पिवळ्या, नारिंगी अशा शेकडो रंगरूपांत जन्माला येतो. व्यापारात या रंगरूपांना ‘मॉर्फ’ म्हणतात. कोणत्या नराची जोडी कोणत्या मादीशी लावायची, या एका निर्णयावर हा व्यवसाय उभा आहे. त्या निर्णयात सापाच्या प्रकृतीला किती स्थान असावे, हा प्रश्न गेल्या काही वर्षांत तीव्रतेने पुढे आला आहे.

अंड्यांचे गणित

अमेरिकेतील पैदासकार बॉब क्लार्क यांनी १९९२ मध्ये या जातीतील ‘अल्बिनो’, म्हणजे वर्णहीन रूप पुढील पिढीत उतरते हे सिद्ध केले आणि रंगांच्या शोधाला वेग आला. अल्बिनोचे जनुक अप्रभावी आहे. ते आई व वडील या दोघांकडून मिळाले तरच रंग दिसतो. एकाकडूनच मिळाले तर पिल्लू दिसायला सामान्य असते, परंतु ते जनुक पुढे वाहून नेते.

मादी साधारणतः तीन वर्षांची आणि सुमारे दीड किलो वजनाची झाल्याखेरीज तिची जोडी लावत नाहीत. ती वर्षातून फार तर एकदा, सरासरी सहा अंडी घालते. नर मात्र एकाच हंगामात अनेक माद्यांना पुरतो. म्हणूनच पैदासकार दुर्मीळ रंगाचा महागडा नर विकत घेतो आणि कमी किमतीच्या अनेक माद्यांशी त्याच्या जोड्या लावतो.

दोन अप्रभावी रंग एकाच सापात आणायचे असतील, तर दोन्ही जनुके छुपेपणाने बाळगणाऱ्या जोडीच्या सोळा पिल्लांपैकी सरासरी एकच अपेक्षित रंगाचे निघते. सहा अंड्यांत असे एखादे पिल्लू मिळण्याची शक्यता सुमारे ३२ टक्के आहे. त्याच मादीसाठी दोन्ही रंग प्रत्यक्ष दिसणारा नर निवडला, तर ही शक्यता ८२ टक्क्यांवर जाते. मात्र तसा नर आधी तयार करावा लागतो किंवा विकत घ्यावा लागतो. जोडी ठरवणे म्हणजे वेळ आणि पैसा यांचा हा मेळ घालणे होय.

यामुळेच पहिल्याच पिढीत दिसणाऱ्या रंगांना मोठी मागणी आली. ‘मोहावे’ या रूपाचे एक जनुकही रंग बदलते, आणि दोन मोहावे सापांच्या जोडीतून सरासरी चारपैकी एक पिल्लू निळ्या डोळ्यांचे, पांढरेशुभ्र निपजते. १९९९ मध्ये सिद्ध झालेले, कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषांचे ‘स्पायडर’ हे रूपही असेच झटपट फळ देणारे ठरले. ‘पेस्टल’ या रूपाशी त्याची जोडी लावून ‘बंबलबी’ नावाचा पिवळाधमक साप एकाच हंगामात मिळू लागला.

रंगाबरोबर आलेला दोष

स्पायडर सापांत डोके थरथरणे, मान पिळवटणे, भक्ष्यावरील नेम चुकणे ही लक्षणे कमीअधिक प्रमाणात आढळतात. हा जवळच्या नात्यातील संकराचा परिणाम आहे, असे अनेकांना वाटत होते. परंतु पिढ्यान्‌पिढ्या असंबंधित सापांशी संकर करूनही दोष गेला नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, सूक्ष्म सीटी स्कॅनच्या आधारे, या सापांच्या अंतर्कर्णातील तोल सांभाळणारी रचनाच विकृत असल्याचे दिसून आले. रंगद्रव्य आणि कान यांचा असा संबंध अपूर्व नाही. पांढऱ्या मांजरांत व डाल्मेशियन कुत्र्यांत आढळणारा बहिरेपणा हे त्याचे परिचित उदाहरण आहे.

पैदासकारांच्या वर्ज्य जोड्यांची यादी असते. स्पायडरशी स्पायडरची किंवा ‘शँपेन’ची जोडी लावणे ते टाळतात, कारण दोन्ही जनुके एकत्र आलेली पिल्ले जगत नाहीत, असा अनुभव आहे. ‘डेझर्ट’ रूपाच्या माद्यांना अंडी घालताना गंभीर अडचणी येत असल्याने त्यांची जोडीच लावत नाहीत. पण या यादीत मुख्यतः पैदासकाराचे नुकसान टाळले जाते. अंडे वाया गेले तर तोटा त्याचा असतो. तोल गेलेले पिल्लू मात्र विकले जाते आणि त्याचा भोग सापाच्या वाट्याला येतो.

समर्थकांच्या मते, बहुतेक स्पायडर साप नीट खातात, वाढतात व वर्षानुवर्षे जगतात. त्यावर टीकाकारांचे म्हणणे असे, की सौम्य लक्षणांच्या सापाची पिल्लेही सौम्यच निघतील, याची हमी देता येत नाही. ब्रिटनमधील इंटरनॅशनल हर्पेटोलॉजिकल सोसायटीने गेल्या दशकातच आपल्या प्रदर्शनांत या रूपाच्या विक्रीस मनाई केली. आता सापाने टाकलेल्या कातेवरून काही रंगांची जनुके ओळखता येतात. त्यामुळे छुप्या रंगाविषयीचा अंदाज संपतो, पण ती जोडी लावावी की नाही, हा निर्णय माणसाकडेच राहतो.

भारतातील संदर्भ

या बाजाराची झळ भारतालाही लागली आहे. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आणलेले बॉल पायथन जप्त करण्यात आले होते. ही जात ‘साइटीस’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यातील २०२२ ची दुरुस्ती आणि २०२४ चे नियम यांनुसार असे प्राणी बाळगणाऱ्यांना नोंदणी करावी लागते, तसेच जन्म, मृत्यू व हस्तांतरण कळवावे लागते.

नोंदणीमुळे साप कोठून आला आणि कोणाकडे आहे, हे कळू शकेल. तो कोणत्या जोडीतून, कोणता दोष घेऊन जन्मला, याचे उत्तर मात्र तिच्यातून मिळणार नाही. पैदासकार बाजारात खपणाऱ्या रंगाचीच जोडी लावतो. त्यामुळे ग्राहक जोवर रंगाआधी सापाच्या प्रकृतीची चौकशी करत नाही, तोवर जोड्यांचे हे गणित बदलण्याची चिन्हे नाहीत.