नस मारण्याची घाई कशाला?

‘कीड नसेपर्यंत गेलीय, रूट कॅनाल करावं लागेल.’ एक्स-रेवरचा काळा डाग पाहून कोणी तरी असं सांगितलेलं असतं आणि धास्तावलेला रुग्ण दुसरं मत घ्यायला माझ्याकडे येतो. दाढ ठणकत नसते, रात्रीची झोप मोडलेली नसते, फक्त थंड पाणी लागलं की क्षणभर कळ येते. अशी नस बहुतेक वेळा जिवंत असते. आपण जिला नस म्हणतो तो रक्तवाहिन्या, मज्जातंतू आणि नवं दंतिन (दाताचा आतला टणक थर) घडवणाऱ्या पेशी असलेला दाताचा गाभा आहे. तो वाचवायच्या आड तीन समजुती येतात. त्यांचा समाचार घ्यायलाच हवा.

पहिली समजूत, कीड शेवटच्या कणापर्यंत कोरून काढली पाहिजे. दंतवैद्य जी. व्ही. ब्लॅक यांच्या काळापासून ही शिकवण पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. ‘डॉक्टर, सगळी कीड काढलीत ना?’ हा रुग्णाचा प्रश्नही तिच्यातूनच येतो. पण नसेजवळचा शेवटचा मऊ थर काढण्याच्या हट्टापायीच नस उघडी पडते. डेन्मार्क आणि स्वीडनमधल्या चाचणीत (2010) खोल किडलेल्या दातांची कीड एका गटात एकाच बैठकीत पूर्ण काढली, दुसऱ्यात मधे काही आठवडे जाऊ देऊन दोन टप्प्यांत. वर्षभराने पहिल्या गटात 62.4 टक्के दातांत उपचार यशस्वी ठरला, दुसऱ्यात 74.1 टक्के. म्हणून नसेच्या अगदी वर थोडा मऊ थर राहू द्यायचा, कडा मात्र टणक लागेपर्यंत स्वच्छ करायच्या आणि वरून घट्ट भरण करायचं. आत अडकलेल्या जंतूंना अन्न मिळत नाही आणि कीड थंडावते.

दुसरी समजूत, महागडं सिमेंट घातलं की दात वाचतो. नस उघडी पडलेली नसेल तर या समजुतीला फारसा आधार नाही. ब्राझीलमधल्या संशोधकांनी 2013मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात राहिलेल्या मऊ थरावर काही दातांत कॅल्शियम हायड्रॉक्साइड, काहींत ग्लास आयोनोमर आणि काहींत चक्क मेण घातलं. मेणाला औषधी गुण नाही. तरीही काही महिन्यांनी भरण उघडलं तेव्हा तिन्ही गटांत दंतिन टणक झालं होतं आणि जंतू घटले होते. त्यामुळे झाकलेल्या नसेला डबीतल्या औषधापेक्षा वरच्या भरणाची घट्ट कड जास्त तारते.

यावरून तिसरी समजूत निघते, की सगळी औषधं सारखीच. तीही खोटी आहे. नस उघडी पडली की हिशेब बदलतो. 1920मध्ये हरमान यांनी आणलेलं कॅल्शियम हायड्रॉक्साइड तीव्र अल्कधर्मी असतं. ते जंतू मारतं आणि दंतिनाचा पूलही बांधून घेतं, पण त्या पुलात बोगदे राहतात आणि औषध हळूहळू विरघळून जातं. लोमा लिंडा विद्यापीठात टोराबिनेजाद यांच्या पुढाकाराने 1990च्या दशकात आलेलं एमटीए हे सिमेंट तसं विरघळत नाही. 2013च्या अमेरिकी चाचणीत 376 रुग्णांच्या उघड्या नसांवर या दोन औषधांची तुलना झाली. दोन वर्षांत अपयशाचं प्रमाण कॅल्शियम हायड्रॉक्साइडचं 31.5 टक्के निघालं, एमटीएचं 19.7 टक्के. एमटीएलाही खोट आहे. ते घट्ट व्हायला पावणेतीन तास घेतं आणि त्यातल्या बिस्मथ ऑक्साइडमुळे दात काळवंडतो. बायोडेंटिन या सिमेंटमध्ये बिस्मथऐवजी झिर्कोनियम ऑक्साइड असतं आणि ते बारा मिनिटांच्या आसपास घट्ट होतं, म्हणून समोरच्या दातांसाठी मी ते निवडतो. ग्लास आयोनोमर मात्र उघड्या नसेवर थेट लावू नये, ते झाकलेल्या जागीच शोभतं.

यापैकी कुठलंही औषध लावण्याआधी रबर डॅम बसवून दात लाळेपासून वेगळा करावा लागतो. नस टाचणीच्या टोकाएवढी उघडते आणि लालभडक रक्त येतं. सोडियम हायपोक्लोराइटमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा मी हलकेच टेकवून धरतो. पाचेक मिनिटांत रक्त थांबलं तर नस सावरेल अशी आशा धरता येते. वाहतच राहिलं तर सूज खोलवर पोचलेली असते आणि वर घातलेलं उत्तम सिमेंटही नसेला वाचवत नाही. नस मरण्यामागे जंतूच असतात, हे 1965मध्ये काकेहाशी आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर दाखवलं होतं. जंतूविरहित वातावरणात वाढलेल्या उंदरांच्या उघड्या नसा आपोआप भरून आल्या, साध्या उंदरांच्या मेल्या.

रूट कॅनाल वाईट, असं मी म्हणत नाही. आपोआप उठणारा, रात्री जागवणारा ठणका असेल, गळू आलं असेल, थंडाला दात मुळीच दाद देत नसेल, तर नसेवर उपचार करावेच लागतात. पण शांत, जिवंत नसेला केवळ कीड खोल आहे म्हणून मृत्युदंड देणं ही चूक आहे. खुर्चीत बसाल तेव्हा डॉक्टरांना नम्रपणे दोन गोष्टी विचारा: थंड लावून नस तपासली का, आणि ती जगवता येईल का? गेलेली नस परत येत नाही. म्हणून ती काढायच्या आधी हे प्रश्न विचाराच.