नाव बाबासाहेबांचे, विमाने कुठली?

११ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेब माईसाहेब आणि नानकचंद रत्तू यांच्यासह दिल्लीहून विमानाने नागपूरला आले. सोनेगावच्या विमानतळावर उतरून ते सीताबर्डीच्या श्याम हॉटेलात मुक्कामाला गेले आणि तीन दिवसांनी त्यांनी जगाच्या इतिहासात नोंद होईल अशी धम्मक्रांती केली. त्यानंतर दोन महिनेही झाले नव्हते. ६ डिसेंबरच्या रात्री त्यांचे पार्थिव घेऊन दिल्लीहून मुंबईकडे निघालेले विमान वाटेत नागपूरलाच थांबले. ज्या मातीवर पावणेदोन महिन्यांपूर्वी लोक दीक्षा घेऊन उभे राहिले होते, तिथलीच माणसे त्या थंडीत अंत्यदर्शनासाठी विमानतळावर जमली. आमच्या आधीच्या पिढीने हे पाहिले आहे. म्हणून नागपूरचा विमानतळ म्हटले की आम्हाला विमानापेक्षा ती रात्र आधी आठवते.

हा विमानतळ एकेकाळी देशाच्या मध्यरात्रीचा चौक होता, हे आजच्या तरुणांना फारसे ठाऊक नसावे. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून संध्याकाळनंतर विमाने निघत आणि मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरात एकत्र येत. टपालाच्या थैल्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत ती आपापल्या शहरी परतत. मद्रासला टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी दिल्लीत वाटले जाई, ते नागपूरच्या भरवशावर. देशाच्या मधोमध असण्याचा नागपूरला मिळालेला हा खरा फायदा. १९७० च्या दशकात ही सेवा बंद झाली. वेगवान विमाने आली, मध्ये थांबण्याची गरज उरली नाही आणि 'मध्यवर्ती' हा शब्द पुढाऱ्यांच्या भाषणापुरता शिल्लक राहिला.

२००५ मध्ये या विमानतळाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ हे नाव मिळाले. नव्या टर्मिनलचे उद्घाटन झाले तेही १४ एप्रिल २००८ रोजी. नामांतर हा शब्द आम्हाला साधा नाही. मराठवाडा विद्यापीठाच्या नावासाठी १९७८ पासून १४ जानेवारी १९९४ पर्यंत आमच्या माणसांनी घरे जळताना पाहिली, पोरे गमावली. विमानतळाचे नाव त्या मानाने सहज आले. सहज आलेल्या नावाचा हिशोब मागायला आपण विसरतो, अशी आमची आपल्याच समाजाबद्दल तक्रार आहे. पाटी लागली, फुले वाहिली, फटाके फुटले. पुढे त्या पाटीखालून कोण कुठे जाते हे कोणी विचारले नाही.

विचारले असते तर काय दिसले असते? पाटीवर 'आंतरराष्ट्रीय' हा शब्द आहे, पण परदेशाच्या फलकावर वर्षानुवर्षे टिकलेली नावे दोनच, शारजा आणि दोहा. आखातात कष्टाला जाणाऱ्या माणसाला ती उपयोगी आहेत, त्याबद्दल आमची कुरकुर नाही. पण ज्याने या भूमीवर बुद्धाचा धम्म परत आणला त्याच्या नावाच्या विमानतळाला कोलंबो, बँकॉक, यांगून किंवा टोकियोशी जोडणारी थेट सेवा टिकू नये, याला काय म्हणावे? नागपूरला येणारा जपानी भिक्खू दिल्लीत किंवा मुंबईत उतरतो, तिथे विमान बदलतो आणि मग आमच्याकडे येतो. कामठीचे ड्रॅगन पॅलेस जपानी उपासिकेच्या दानातून १९९९ मध्ये उभे राहिले. भदंत सुरई ससाई जपानमधून येऊन नागपूरचे झाले. नाते कधीचेच जुळले आहे; जुळले नाही ते फक्त वेळापत्रक.

विमान कंपनी काही धर्मादाय संस्था नव्हे, प्रवासी असतील तिथे ती जाईल, हे उत्तर आम्हाला पाठ आहे. ते अर्धेच खरे आहे. परदेशी कंपनीने भारतात कोणत्या शहरात उतरायचे हे दोन सरकारांमधल्या करारावर ठरते. २००३ मध्ये केंद्र सरकारने आग्नेय आशियातील आसियान देशांच्या विमान कंपन्यांना देशातील १८ पर्यटनस्थळे खुली केली. त्या यादीत गया होती, वाराणसी होती, आपल्या राज्यातले तेव्हाचे औरंगाबादही होते. नागपूर नव्हते. ज्या भूमीवर लाखोंनी दीक्षा घेतली ती बौद्ध जगाला जोडण्यासारखी जागा आहे, हे दिल्लीतल्या कारकुनाला सुचले नाही हे एकवेळ समजू. आपल्या खासदारांनाही सुचले नाही.

गयेचे पाहा. शहर नागपूरपेक्षा कितीतरी लहान. तरी हिवाळ्यात बोधगयेच्या यात्रेसाठी थायलंड, म्यानमार, भूतान इथून थेट विमाने तिथे उतरत आली आहेत. ती आपोआप आली नाहीत. बौद्ध देशांचे विहार, त्यांचे दूतावास, यात्रा कंपन्या यांनी वर्षानुवर्षे मागणी लावून धरली, तेव्हा आली. उलट उदाहरण कुशीनगरचे. २० ऑक्टोबर २०२१ रोजी तिथल्या आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले, पहिले विमान कोलंबोहून भिक्खूंना घेऊन आले, छायाचित्रे निघाली. पुढे तिथे नियमित परदेशी सेवा काही रुजली नाही. आम्हाला कुशीनगर नको, गया हवी. एका दिवसाच्या सोहळ्याचे विमान आणि दरवर्षी येणारे विमान यांतला फरक आपल्या नेत्यांनी नीट समजून घ्यावा.

आणि हे नागपुरातच होऊ शकते याचा पुरावा नागपुरातच आहे. हज यात्रेकरूंसाठी इथून थेट विमाने गेली आहेत. ते योग्यच झाले, मुस्लिम बांधवांचा तो हक्क आहे. सरकारने मनावर घेतले की हंगामी यात्रेसाठी विमान उभे राहते, एवढेच त्यातून सिद्ध होते. धावपट्टी तोकडी आहे म्हणावे तर ती सुमारे ३२०० मीटर लांब आहे. मिहानमधल्या दुरुस्ती केंद्रात २०१५ पासून एअर इंडियाची मोठमोठी बोइंग विमाने येतात. म्हणजे महासागर ओलांडणारे विमान नागपूरला उतरते, पण रिकामे, आणि दुरुस्तीला!

आता जमिनीवरची गोष्ट. विजयादशमीला आणि १४ ऑक्टोबरला येणारा आमचा माणूस विमानाने येत नाही. तो रेल्वेच्या जनरल डब्यातून येतो, एसटीने येतो, अजनीला उतरून पायी येतो. त्याला या विमानतळाचे काय, असा प्रश्न आमचेच काही मित्र विचारतात. प्रश्न खरा आहे. पण त्याच माणसाची मुलगी आज राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती घेऊन लंडनला निघते आणि सामान घेऊन आधी मुंबईची गाडी पकडते. २०१९ पासून नागपूर मेट्रो वर्धा मार्गाने धावते. विमानतळ नावाचे स्थानक आहे, पण ते मार्गावर आणि टर्मिनल आत. बॅगा ओढत जायचे किंवा रिक्षा करायची. त्याच मार्गिकेवर राहाटे कॉलनी स्थानकाला उतरले की दीक्षाभूमी जवळ. विमानातून उतरलेल्या परक्या उपासकाला हे सांगणारी सिंहली, थाई, जपानी भाषेतली साधी पाटी लावायला कोणता करार आडवा येतो?

ज्यांच्या शेतांवर मिहान उभे आहे त्या शिवणगाव, खापरी, तेल्हारा, कलकुही, दहेगावच्या लोकांचाही या नावावर हक्क आहे. जमीन घेताना नोकऱ्यांच्या गोष्टी झाल्या होत्या. विमानतळ चालवण्याचे काम खासगी कंपनीला देण्याचा वाद निविदेपासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२४ मध्ये जीएमआर समूहाशी करार झाला. खासगी चालकाला नोकरीत आरक्षण ठेवण्याचे कायद्याने बंधन नाही. कंपनीने कायदा मोडला असे आम्ही म्हणत नाही. कायदाच तसा ठेवला आहे. पण संविधानकाराच्या नावाच्या इमारतीत सामान उचलणारा, झाडणारा आमचा आणि काउंटरमागे बसणारा दुसरा, असे चित्र राहू नये यासाठी करारात अट घालता आली असती. राज्य सरकारची विमानतळ विकास कंपनी या व्यवहारात होती. तिने ती अट मागितली होती का, हे विधानसभेत एकदा तरी विचारले जावे.

जाता जाता एक गंमत. जगभरच्या तिकिटांवर प्रत्येक विमानतळाची तीन अक्षरी खूण असते. नागपूरची आहे एन, ए, जी. सलग वाचा, 'नाग' होते. दीक्षेसाठी नागपूरच का निवडले, याचे उत्तर बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात दिले होते: बुद्धधम्म भारतभर नेणाऱ्या नाग लोकांची ही भूमी. विमान कंपन्यांच्या संगणकाने नकळत का होईना, ते नोंदवून ठेवले आहे!

आता कामाचे. विमानांचे हिवाळी वेळापत्रक ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सुरू होते. आमचा सोहळा त्याआधीच होऊन जातो, म्हणून गयेसारखी हिवाळी सेवा मागून भागणार नाही. आमची विमाने उन्हाळी वेळापत्रकातच बसवावी लागतील. ते मार्चअखेर लागू होते आणि त्याच्या मागण्या सुमारे सहा महिने आधी जातात. दीक्षाभूमीची स्मारक समिती, भिक्खू संघ, राज्य सरकार आणि विमानतळाचा चालक यांनी एकत्र बसून आधी कोलंबो आणि बँकॉकहून खास विमाने मागावीत, ती भरली तर नियमित सेवा. पुढच्या ऑक्टोबरची विमाने हवी असतील तर तो अर्ज या ऑक्टोबरपूर्वी तयार हवा.